बांध, खुलं जेल आणि मोजणीचा अर्ज



चार दिवस झाले, रिपरिप चालूच आहे. रानात वाफसा नाही, ट्रॅक्टर घालता येत नाही. बोर्डो कालवावं तर उघडीप कधी मिळेल याचा भरवसा नाही, आणि कालवलेलं बोर्डो दुसऱ्या दिवसावर ठेवता येत नाही हे आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा आज बागेची नोंद नाही. आज जी नोंद लिहितोय ती तीन वर्षं मनात धरून ठेवली होती.

बरेच जण भेटले की विचारतात, तारीख, पाणी किती तास दिलं, औषध कोणतं, किती लिटरला किती, हे सगळं रोज लिहायची सवय तुम्हाला कुणी लावली? कृषी सहायकानं लावली का? मी हसून विषय बदलतो. खरं उत्तर असं आहे की ही सवय जेलात लागली. मला नव्हे, माझ्या धाकट्या भावाला. त्याच्याकडून ती माझ्याकडं आली.

गावातल्यांना हे माहीत आहे. बाहेरच्यांना आज सांगतो.

२००६ च्या जून महिन्यातली गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला होता. आमचं वडिलार्जित रान पाच एकर, दोघा भावांत अडीच अडीच. भावाच्या तुकड्याला लागून शेजाऱ्याचं रान. मधल्या बांधावरून आमच्या वडिलांच्या वेळेपासून कुरबूर. तो म्हणायचा तुम्ही बांध कोरला, आम्ही म्हणायचो त्यानं कोरला. त्या सकाळी बोलाचाली झाली, शिवीगाळ झाली, आणि भावाच्या हातात खोरं होतं. दांडा डोक्यात बसला. शेजारी दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. पंचेचाळीशीचा माणूस. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. घरात बायको आणि दहावीत गेलेला पोरगा.

भाऊ स्वतः चालत पोलिसात गेला. जन्मठेप लागली. त्याची पोरगी तेव्हा चार वर्षांची, पोरगा तर मांडीवर होता.

मी तेव्हा विहिरीवर मोटर चालू करत होतो. आरडाओरडा ऐकू आला होता. रोजचंच आहे म्हणून मी लगेच गेलो नाही. हे पण लिहून ठेवतो.

भावजय पोरं घेऊन माहेरी गेली. भावाचं अडीच एकर मी करू लागलो. दुसऱ्या वर्षी त्यात भगवा लावला, ठिबक केलं, शेततळ्याला कागद टाकला. बाग धरली तशी चांगली लागली. भावजयीला वर्षाला ज्वारीची आणि गव्हाची पोती पोचवायचो. डाळिंबाचा हिशेब मात्र दिला नाही. कुणी मागितलाही नाही. खर्च माझा, कष्ट माझे, असं स्वतःला सांगायचो. आठ-नऊ वर्षं एखादं रान आपण कसलं की ते आपलंच वाटायला लागतं. मंडळी, हे किती हळू होतं ते अनुभवाशिवाय कळत नाही.

भाऊ मध्यवर्ती कारागृहात होता. मुलाखतीला मी वर्षातून एकदा, फार तर दोनदा जायचो. तिथं त्याला सुतारकामाच्या कारखान्यात घातलं होतं. आठवी सोडलेला गडी. तिथं शिकलेल्या बंद्यांनी त्याला लिहायला-वाचायला नीट बसवलं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी म्हणून एक शिक्षणक्रम होता. शाळा अर्धवट राहिलेल्या माणसानं तो पास केला की पुढं पदवीला प्रवेश मिळायचा. भावानं तो केला, मग तीन वर्षांत बी. ए. केलं. मी दहावी पास. आमच्या घरात सगळ्यात शिकलेला मीच, असं मी मिरवायचो. तो मुलाखतीला जाळीपलीकडून म्हणाला, "दादा, मी बी. ए. झालो." मी म्हणालो, "बरं झालं." बाहेर येऊन एस. टी. त बसल्यावर पहिला विचार मनात आला तो असा, की आता ह्याला सातबारा वाचता येणार.

आता जे लिहितो ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

जन्मठेपेच्या बंद्याला वागणूक चांगली असली तर ठरावीक काळानं थोड्या दिवसांची रजा मिळते. एक संचित रजा, तिला फर्लो म्हणतात, आणि दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. रजेच्या आधी गावात चौकशी होते. हा माणूस आला तर शांतता राहील का, घरचं कुणी जामीन राहतं का, हे विचारतात. २०१२ साली भावानं फर्लोचा अर्ज केला. चौकशीला हवालदार आमच्या वस्तीवर आले. मी चहा पाजला. त्यांनी विचारलं, "जामीन राहणार का?" मी म्हणालो, "साहेब, गावात वातावरण बरं नाही. आत्ता नको."

गावात वातावरण काही नव्हतं. अण्णाच्या घरच्यांनी सहा वर्षांत एक शब्द वाकडा काढला नव्हता. बाग मृगाच्या बहराला धरलेली होती आणि मला भीती होती की हा येईल, रान बघेल आणि हिशेब मागेल. एवढंच कारण. मी सही केली नाही. त्याला रजा मिळाली नाही.

२०१५ मध्ये त्याची निवड खुल्या जेलसाठी झाली. आपल्यापैकी पुष्कळांना हे काय असतं ते माहीत नसेल, मलाही नव्हतं. खुलं कारागृह म्हणजे उंच भिंत नाही, बंदुकीचा पहारा नाही. शिक्षेचा बराच काळ बंद जेलात नीट काढलेला, अंगानं कामाला धड असलेला आणि पळून न जाण्याचा भरवसा वाटणारा बंदी समिती निवडते. तिथं काम मुख्यतः शेतीचं. सकाळ-संध्याकाळ हजेरी असते. महाराष्ट्रात येरवडा, पैठण, विसापूर, मोर्शी अशी खुली कारागृहं आहेत. तिथं महिनाभर नीट काम केलं की महिनाभराची माफी जमा होते. खुनाच्या जन्मठेपेत चौदा वर्षं मात्र प्रत्यक्ष काढावीच लागतात. माफी धरायची ती त्याच्यापुढच्या हिशेबात.

भावाला मिळालं ते स्वतंत्रपूर. आटपाडीजवळ. म्हणजे आमच्या माणदेशातच, मोटरसायकलवर जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्यावर.

स्वतंत्रपूरची गोष्ट जुनी आहे आणि आपल्या मातीतली आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचा प्रसार केलेले. त्यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार रयतेच्या हाती दिला. त्या कामात मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलंडचे इंजिनिअर होते, भारतानंद हे नाव घेऊन इथं राहिलेले. त्याच काळात ही वसाहत झाली. कैद्याला कोंडून ठेवायच्या ऐवजी रानात कामाला लावायचं, आणि बायकापोरांसकट राहू द्यायचं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा याच प्रयोगावरून निघाला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि त्यांचं माडगुळे आटपाडी तालुक्यातच. संस्थान गेलं, वसाहत राहिली. सिनेमा आमच्या पिढीनं जत्रेत पडद्यावर बघितला. आपलाच भाऊ तिथं जाईल असं कुणाला वाटलं होतं?

कुटुंबासह राहता येतं हे कळल्यावर भावजयीनं एका दिवसात ठरवलं. माहेरच्यांनी अडवलं. गावातल्या बाया म्हणाल्या, पोरं घेऊन जेलात चालली. ती म्हणाली, "नऊ वर्षं मी बी जेलातच हाय. निदान आता दोघं एका जेलात राहू." पोरगी तेरा वर्षांची झाली होती, पोरगा दहाचा. पोरं आटपाडीच्या शाळेत जाऊ लागली.

२०१६ च्या हिवाळ्यात आईला मोटरसायकलवर मागं बसवून मी पहिल्यांदा तिथं गेलो. मनात सिनेमातलं चित्र होतं. बघितलं तर आपल्यासारखीच वस्ती. खोल्या, समोर तुळस, वाळत टाकलेलं धुणं, बांधलेलं जनावर आणि मागं रान. आई नातवाला घेऊन खोलीत बसली. भाऊ मला रानात घेऊन गेला. वांगी होती. तो खुरपत खुरपत बोलत होता, मीही एक खुरपं घेतलं. दोन माणसांना अवघड बोलायचं असलं की हातात खुरपं असलेलं बरं. नजर खाली राहते.

त्यानं कमरेला खोचलेली वही काढून दाखवली. शंभर पानी साधी वही. तारीख, कोणत्या वाफ्याला पाणी, किती वेळ, शेंडेअळी किती झाडांवर, काय फवारलं, किती तोडा निघाला. रोजची एक ओळ, एकही दिवस चुकलेला नाही. मी विचारलं, "साहेब लोकांनी सांगितलंय का लिहायला?" तो म्हणाला, "नाही. आत सुताराच्या कारखान्यात माप लिहून ठेवायची सवय लागली. माप लिहिलेलं असलं की भांडण होत नाही."

मग थोड्या वेळानं, मान वर न करता तो म्हणाला, "दादा, २०१२ चा तो कागद मी वाचला."

माझा हात थांबला.

"अर्ज नामंजूर झाला की कारण कळवतात. आधीचा मी असतो तर दुसऱ्याकडून वाचून घेतला असता, आणि तो काय सांगेल ते ऐकलं असतं. हा मी स्वतः वाचला. 'भाऊ जामीन राहण्यास तयार नाही.' चार वेळा वाचला."

मी म्हणालो, "मग इतकी वर्षं बोलला नाहीस."

"काय बोलू? मी माणूस मारलाय दादा. तू सही केली नाहीस. माझ्यापुढं तुझं ते केवढं?"

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पुढं एक वाफा संपेपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो. मग त्यानंच विचारलं, "डाळिंबाला तेल्या किती आहे?" मी सांगितलं की गेल्या पावसाळ्यात निम्मा माल गेला. तो म्हणाला, "छाटणीची कात्री झाडागणिक बुडवून घेतोस का औषधात?" मी घेत नव्हतो. मजुरांना घाई असते. तो म्हणाला, "तिथंच पसरतंय. आणि लिहून ठेव, कोणत्या ओळीत पहिला डाग दिसला." या पानावरच्या सगळ्या नोंदींची सुरुवात म्हणजे ते वाक्य.

निघताना तो आणखी एक बोलला. ते मी आजही दर मोसमाला नांगरट आली की आठवतो. म्हणाला, "आत राहून मी काय शिकलो विचारशील तर अर्ज करायला शिकलो. बी. ए. राहू दे. कोणता अर्ज कुणाकडं, काय लिहायचं, पोच कशी घ्यायची, उत्तर नाही आलं तर पुढं कुणाकडं जायचं. आतल्या निम्म्या बंद्यांचे अर्ज मीच लिहायचो. हे मला २००६ ला येत असतं तर मी मोजणीचा अर्ज केला असता, खोरं उचललं नसतं."

त्या दिवशी घरी आल्यावर मी डाळिंबाचा हिशेब काढायला घेतला. वही नव्हती, तेव्हा आडत्यांच्या पट्ट्या शोधल्या, सोसायटीचं कर्ज बघितलं. अंदाजानंच, पण प्रामाणिकपणे जेवढा निघाला तेवढा भावजयीच्या नावावर दरवर्षी थोडा थोडा टाकू लागलो. अजून पूर्ण फिटलेला नाही.

२०२१ ला सुटकेच्या आधी परत चौकशी आली. या वेळी मी स्वतः तालुक्याला जाऊन जबाब दिला आणि सही केली. २०२२ ला तो घरी आला. आईनं उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला. सोळा वर्षांनी.

आता इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की गोष्ट संपली, चांगलं झालं. मलाही तसं वाटलं होतं. पण या गोष्टीत दुसरं घर आहे.

जेलातल्या कामाला रोजगार मिळतो. तो फार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्रात दर वाढले, ते कुशल कामाला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३ आणि खुल्या वसाहतीत ९४. भाऊ त्याआधीच सुटला, म्हणजे त्याला मिळाले ते याहून कमी. आपण खुरपणीला काय देतो ते ज्याचं त्यानं आठवावं. १९९८ साली सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या एका खटल्यात सांगितलं होतं की बंद्याच्या कामाला रास्त मजुरी द्या, आणि तिचा काही भाग गुन्ह्यात ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी बाजूला काढण्याचा कायदा करा. भावानं हे आत असताना वाचलं होतं. कुणी सांगितलं नसताना त्यानं स्वतःच्या कमाईतून थोडे थोडे बाजूला ठेवले होते. घरी आल्यावर महिन्याभरानं ते पाकीट माझ्याकडं दिलं. "वहिनींना नेऊन दे. मी गेलो तर त्यांना त्रास होईल."

मी गेलो. अण्णाची बायको ओसरीवर शेंगा फोडत होती. पाकीट मी पाटीशेजारी ठेवलं आणि कशाचं आहे ते सांगितलं. तिनं त्याला हात लावला नाही. शेंगा फोडतच म्हणाली,

"तुमच्या भावाला जेलात रान मिळालं. बायकापोरं जवळ मिळाली. बी. ए. झाला म्हणं. माझा पोरगा दहावीत होता, त्याची शाळा त्या जूनमध्येच सुटली. नांगर धरायला दुसरं घरात कोण होतं? त्याला कुणी शिकवलं? त्याला कोणतं खुलं जेल मिळालं, सांगा."

मंडळी, याला उत्तर नाही. मला तेव्हा सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. खुलं जेल वाईट आहे असं ती म्हणत नव्हती. बंद जेलात कुजून माझा भाऊ परत आला असता तर तिच्या पोराची शाळा काही परत आली नसती. पण बिघडलेल्याला दुरुस्त करायची सोय सरकारनं केली, आणि ज्याचं काहीच चुकलं नव्हतं त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. सरकारनं नाही, गावानं नाही, बांधाला बांध लागून असलेल्या मीही नाही. तो पंधराव्या वर्षी औत धरून चाललेला मी रोज बघत होतो.

मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "पैसे न्या. काय द्यायचंच असंल तर बांध मोजून द्या. माणूस कशापायी गेला ते एकदा कळू द्या."

मी घरी येऊन भावाला सांगितलं. त्यानं त्याच रात्री अर्ज लिहिला. भूमी अभिलेखला मोजणी फी भरली, ती त्याच पाकिटातून. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या. तारीख पडली, भूकरमापक आले. पूर्वीसारखी साखळी-टेबल नाही, आता रोव्हर घेऊन येतात, उपग्रहावरून बिंदू धरतात. आम्ही सगळे बांधावर उभे. त्या बाजूला अण्णाचा पोरगा, आता तिशी ओलांडलेला, हाताची घडी घालून.

हद्दीच्या खुणा झाल्या. त्यांनी खडू टाकत टाकत रेषा आणली. रेषा बांधाच्या मधून गेली नाही. पलीकडून, म्हणजे त्यांच्या बाजूनंही गेली नाही. ती आमच्या डाळिंबाच्या पहिल्या ओळीजवळून गेली. वरच्या टोकाला हातभर, खालच्या टोकाला दीड हात आम्ही त्यांच्यात होतो.

अण्णा खरं बोलत होता.

आणि हे मला पूर्ण नवीन होतं असंही नाही. भाऊ औत धरायचा तेव्हाची गोष्ट वेगळी, पण वडील गेल्यावर वाटणी व्हायच्या आधी दोन-चार वर्षं नांगरट मीच करून घ्यायचो. ट्रॅक्टरवाल्याला मी सांगायचो, "जरा बांधाला लागून घे." एक तास बांधाच्या पोटात. दरवर्षी एक. कुणी मुद्दाम चोरी करत नाही, सगळेच असं करतात, असंच आपण म्हणतो ना? पुढं वाटणीत तो तुकडा भावाकडं गेला. त्याला खरंच वाटत होतं की बांध त्यांनी कोरलाय, कारण घरात रोज तेच बोललं जायचं, आणि बोलणारा मी होतो. जन्मठेप त्याला झाली.

पहिली ओळ काढली. फळावर आलेली एकवीस झाडं. भावानं स्वतः मुळासकट उपटली. हद्दीचे दगड त्यानंच पुरले, डोक्यावर वाहून आणून. अण्णाच्या पोरानं मदत केली नाही आणि अडवलंही नाही. क प्रत हातात आल्यावर मी तिची झेरॉक्स नेऊन वहिनींना दिली. त्यांनी ती वाचायला पोराकडं दिली. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचत होता.

आता बांध तीन हात रुंद आहे. दोन्ही बाजूंनी कुणी नांगर लावत नाही. गवत वाढतं, आळीपाळीनं दोघं कापून नेतात. अण्णाचा पोरगा माझ्या भावाशी आजही बोलत नाही. त्यानं बोलावं अशी आमची अपेक्षाही नाही. भाऊ त्या बाजूला काम असलं की लवकर उरकून येतो, तो रानात यायच्या आत.

गेल्या महिन्यात असं झालं की आम्ही ब्लोअर काढला होता. भाऊ टाकीत औषध कालवत होता. बांधापलीकडून अण्णाच्या पोराचा आवाज आला. "वारं आमच्याकडं हाय. इकडं मका जनावरांना कापायचाय." नाव घेतलं नाही, कुणाला म्हणाला तेही कळलं नाही. भाऊ तिथंच थांबला, पंप बंद केला. वारं फिरल्यावर संध्याकाळी फवारणी केली. वहीत त्या दिवशी त्यानं लिहिलंय, "सकाळची फवारणी थांबवली. वारा पश्चिमेकडून. शेजाऱ्यांनी सांगितलं." एवढीच ओळ. सोळा आणि तीन, एकोणीस वर्षांनी त्या बांधावरून या बाजूला आलेला तो पहिला शब्द.

मंडळी, उपदेश करायचा मला अधिकार नाही, वर वाचलंच तुम्ही. दोनच कामाच्या गोष्टी सांगतो.

एक, बांधाचा वाद असला तर खोऱ्याच्या आधी मोजणीचा अर्ज करा. फी एका फवारणीच्या खर्चाच्या आसपास जाते. आणि आपल्या बाजूनं दगड निघाला नाही तर मागं सरायची तयारी ठेवूनच अर्ज करा. नाहीतर मोजून उपयोग नाही.

दोन, कधी तुमच्या वस्तीवर हवालदार आले आणि अमुक माणूस रजेवर आला तर चालेल का असं विचारलं, तर चहा ठेवायच्या आधी स्वतःला एकदा विचारा की आपण जे सांगणार आहोत ते गावासाठी आहे की आपल्या अडीच एकरासाठी. आत काम शिकवतात, अभ्यास शिकवतात, माणूस स्वतः मेहनत करून उभा राहतो. पण तो कागद शेवटी आपल्याच ओसरीवर येतो.

आणि त्याच वेळी त्या दुसऱ्या घरातलं पोर शाळेत जातंय का, तेवढं बघा. ते आम्ही बघितलं नाही.

पश्चिमेला जरा उजाडल्यासारखं दिसतंय. उद्या उघडीप मिळाली तर बोर्डो एक टक्का, आधी खालच्या ओळींना. प्रमाण आणि निकाल उद्याच्या नोंदीत.